चाकांवरच्या घरातला वीजचोर

घराला चाकं असती तर? उन्हाळ्याची सुटी लागली की बॅगा भरायला नकोत, तिकिटं काढायला नकोत. सगळं घरच सुरू करायचं आणि निघायचं! स्वयंपाकघर मागे, झोपायची जागा मधे आणि बैठकीची खोली स्टिअरिंगसमोर.

दोस्तांनो, ही कल्पना काही नवी नाही. गाडीलोहारांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीतच संसार मांडून गावोगाव फिरली. जत्रेत तंबू ठोकणारे फिरते सिनेमावाले पडदा, प्रोजेक्टर आणि जनरेटर ट्रकमध्ये घालून हिंडायचे, आणि मुक्कामही पुष्कळदा त्याच ट्रकच्या आसऱ्याने व्हायचा. 1965 साली कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने बसमध्ये विज्ञान प्रदर्शन मांडून ते खेड्यातल्या शाळांपर्यंत नेलं. पुढे राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या अशा बस देशभर फिरू लागल्या. आणि 2021 साली तर महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच जाहीर केलं. कॅराव्हॅन म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी. ज्यात झोपायचं, रांधायचं आणि तीच गाडी चालवत पुढच्या गावाला जायचं.

पण अशा प्रत्येक चालत्या घरापुढे एक प्रश्न असतो. वीज आणायची कुठून? भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या आसगावात घर बांधलं तर वीज खांबावरून येते. चालत्या घराला खांब कसा असणार? त्याला आपली वीज बरोबर घेऊन फिरावं लागतं. बॅटरी आणि इन्व्हर्टर ही जोडगोळी ते काम करते. आणि ही जोडगोळी रुसली की भले भले लोक डोक्याला हात लावून बसतात.

तो रुसवा काढायचा कसा, हेच आज आपण बघणार आहोत. घरी इन्व्हर्टर असेल तर हे सगळं तुमच्याही उपयोगाचं आहे. कारण गाडीतलं आणि माडीतलं यंत्र एकच!

विजेची साखळी

बॅटरी म्हणजे विजेची टाकी असं समजा. टाकी जितकी उंच, तितकं नळाला पाणी जोरात येतं. विजेच्या या जोराला म्हणायचं व्होल्ट. नळातून दर सेकंदाला किती पाणी वाहतं, तसा तारेतून वाहणारा प्रवाह म्हणजे अँपियर. व्होल्टला अँपियरने गुणलं की येतात वॅट, म्हणजे काम करण्याचा वेग.

बॅटरीतून मिळते ती दिष्ट धारा, म्हणजे डीसी. ती एकाच दिशेने वाहते. घरातला फ्रिज, मिक्सर यांना लागते प्रत्यावर्ती धारा, म्हणजे एसी. ती सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे अशी पूर्ण आवर्तनं करते. बॅटरीच्या 12 व्होल्ट डीसीपासून 230 व्होल्ट एसी तयार करणारं यंत्र म्हणजे इन्व्हर्टर.

आता एक गंमत बघा. 1000 वॅटची वस्तू घरच्या 230 व्होल्टवर चालवली तर तारेतून साधारण साडेचार अँपियर वाहतात. तेवढंच काम 12 व्होल्टच्या बॅटरीकडून करून घ्यायचं तर 83 अँपियर लागतात. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो ती धरली तर नव्वदच्याही वर! म्हणून बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधली तार अंगठ्याएवढी जाड असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. आपला चोर याच रस्त्यावर पुढे भेटणार आहे.

आगगाडीचा डबा हेसुद्धा एक चालतं घरच, नाही का? भंडारा रोड स्टेशनवर कधी जुन्या पद्धतीचा निळा डबा उभा दिसला तर वाकून खाली बघा, अर्थात फलाटावरूनच! डब्याच्या पोटाखाली बॅटऱ्यांची मोठी पेटी असते. चाकांच्या आसाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर गाडी धावताना वीज तयार करतो आणि या 110 व्होल्टच्या बॅटऱ्या भरतो. गाडी स्टेशनात थांबली तरी दिवे-पंखे चालू राहतात ते या बॅटऱ्यांच्या जोरावर. तशाच पद्धतीच्या वातानुकूलित डब्यात इन्व्हर्टरही असतो. नव्या लाल डब्यांच्या गाड्यांमध्ये मात्र वीज जनरेटरच्या वेगळ्या डब्यातून किंवा डोक्यावरच्या तारेतून इंजिनमार्फत येते.

आपल्या चालत्या घराची साखळी अशी. इंजिनचा अल्टरनेटर, छपरावरची सौर पाटी किंवा मुक्कामी मिळालेली घरची वीज, यांनी बॅटरी भरायची. बॅटरीतून जाड तार, वाटेत फ्यूज, मग इन्व्हर्टर, मग सॉकेट आणि शेवटी फ्रिज, पंखा, दिवा. साखळीची एक कडी जरी निसटली, तरी शेवटचा दिवा विझतो.

समजा, आसगावात असं झालं...

आता एक प्रसंग कल्पनेने उभा करू.

समजा, मे महिना आहे. नागपूरहून एक कुटुंब अशा गाडीतून निघालंय. आई, बाबा, आजी, सातवीतली ताई आणि चौथीतला छोटू. उमरेड, भिवापूर करत ते पवनीला आले. जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत ते पाहिले, वैनगंगेचं पात्र बघितलं आणि मुक्कामाला आसगावात मावशीच्या अंगणात गाडी लावली. पुढे जायचंय नवेगावबांधला.

गाडीत छोटा फ्रिज आहे. त्यात आजीचं इन्शुलिन. मधुमेहाचं हे औषध फार नाजूक असतं. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. तिकडे विदर्भातला मे महिना म्हणजे पारा 45 अंशांपर्यंत चढणार!

रात्रीचे नऊ वाजले. फ्रिजने 'खट्‌' असा आवाज केला. इन्व्हर्टर 'पीं पीं' ओरडला आणि बंद. बाबांनी बटण दाबून तो परत चालू केला. दिवा लागला, पंखाही फिरला. पण फ्रिज सुरू व्हायला गेला की पुन्हा 'पीं पीं' आणि अंधार.

आईने पहिलं काम केलं ते म्हणजे इन्शुलिन उचलून मावशीच्या घरातल्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं. बिघाड शोधणाऱ्याचा पहिला नियम हाच. ज्याचं नुकसान होऊ शकतं ते आधी सुरक्षित जागी न्या, मग डोकं खाजवा.

अंगणात मंडळी जमली. कुणी म्हणालं, 'बॅटरी गेली.' कुणी म्हणालं, 'इन्व्हर्टरच जळला असंल, नवाच घ्या.' नवा इन्व्हर्टर म्हणजे हजारो रुपये. बाबा विचारात पडले. तेवढ्यात मावशीने गावातल्या वायरमन मिस्त्रीकाकांना बोलावलं. ते म्हणाले, 'थांबा जी, घाई करू नका. पहिले मोजू, मग बोलू. बेटा, तू वही-पेन घेऊन बस माझ्याजवळ.'

ताई वही घेऊन बसली. तपास सुरू झाला.

पहिला प्रश्न: कमाई किती, खर्च किती?

बॅटरीवर लिहिलं होतं 12 व्होल्ट, 150 अँपियर-तास. गुणाकार केला, 12 गुणिले 150 म्हणजे 1800 वॅट-तास. पण शिशाची बॅटरी पार तळापर्यंत रिकामी केली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून अर्धीच वापरायची असं धरून चाला. म्हणजे हाताशी उरले 900 वॅट-तास.

आता खर्च. रात्री नऊ ते सकाळी सात, असे दहा तास धरले.

फ्रिज चालतो तेव्हा 100 वॅट घेतो, पण तो मधून मधून थांबतो. सरासरी 40 वॅट धरले तर दहा तासांचे 400.

कमी वीज खाणारा 30 वॅटचा पंखा आठ तास, म्हणजे 240.

9 वॅटचा एलईडी दिवा तीन तास, म्हणजे 27.

आणि इन्व्हर्टर! काही न करता नुसता चालू असला तरी तो 10-20 वॅट खात बसतो. 15 धरले तर दहा तासांचे 150. वीज बदलून देताना त्याच्याकडून आणखी दहाव्या हिश्श्याएवढी वाया जाते, ती सुमारे 67.

सगळी बेरीज झाली 884. हिशोब काठावर पास!

'गाडीत कोणी काही वापरलं नाही, तरी सकाळी बॅटरी उतरलेली' अशी तक्रार पुष्कळ लोक करतात. तिचं उत्तर बहुतेक वेळा या चौथ्या ओळीत असतं. 15 वॅट म्हणजे किरकोळ वाटतात, पण 24 तासांचे ते 360 वॅट-तास होतात. काम नसेल तेव्हा इन्व्हर्टर बंदच ठेवावा.

पण आपल्या तपासात ताईच्या लक्षात एक वेगळी गोष्ट आली. ती म्हणाली, 'काका, बॅटरी संपत आली असती तर फ्रिज पहाटे बंद पडला असता. हा तर नऊलाच पडला!'

काका हसले. 'बरोबर. म्हणजे टाकी रिकामी नाही. पण ती भरलेली आहे का, तेही बघून घेऊ.'

दुसरा प्रश्न: बॅटरी भरते का?

काकांनी सगळी उपकरणं बंद करून मीटर बॅटरीला लावला. 12.6 व्होल्ट.

विश्रांती घेतलेली शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. अर्धी असेल तर साधारण 12.2, आणि 11.9 च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी. मात्र चार्जिंग नुकतंच थांबवलं असेल तर हा आकडा फसवतो. दोन-तीन तास थांबून मोजावं. आपल्या गाडीचं इंजिन दुपारीच बंद केलं होतं, तेव्हा हा आकडा खरा.

समजा 12.6 ऐवजी 12.1 दिसले असते, तर? मग मागे वळून तीन ठिकाणी बघावं लागलं असतं.

एक, इंजिनची बॅटरी आणि घराची बॅटरी वेगळी असते. इंजिनची बॅटरी क्षणभर मोठा धक्का देण्यासाठी बनवलेली, तिच्या पट्ट्या पातळ. घराची बॅटरी रात्रभर थोडं थोडं देणारी, तिच्या पट्ट्या जाड. दोघींच्या मधे एक आपोआप चालणारा स्विच असतो. तो बिघडला की गाडी दिवसभर पळूनही घराची बॅटरी उपाशीच राहते. हे ओळखणं सोपं आहे. इंजिन चालू असताना घराच्या बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट दिसले पाहिजेत. 12 वरच काटा अडला, तर वीज तिथवर पोचतच नाही.

दोन, सौर पाटीवर धूळ किंवा झाडाची सावली. एका कोपऱ्यावर पडलेली सावलीसुद्धा पाटीची कमाई खूप खाली आणते. उन्हाळ्यात आपण गाडी आंब्याखाली लावतो. माणसं गार राहतात आणि पाटी उपाशी!

तीन, मुक्कामाची वीज. ती 230 व्होल्ट असायला हवी. पण पवनी-लाखांदूरकडचा हा धानाचा मुलूख. एकाच डीपीवरचे शेतीपंप एकदम सुरू झाले की घरात दिव्यांची ज्योत बारीक झालेली तुम्ही पाहिली असेल. इन्व्हर्टरच्या पाठीमागे पुष्कळदा एक छोटं बटण असतं. 'यूपीएस' बाजूला ठेवलं तर व्होल्ट 180 च्या खाली गेले की इन्व्हर्टर घरची वीज घेत नाही, उलट बॅटरीच वापरायला लागतो. मग प्लग लावलेला असून बॅटरी उतरते. दुसऱ्या बाजूला ठेवलं तर तो कमी व्होल्टही चालवून घेतो. बिघाड काही नाही, नुसतं बटण!

पण आपली बॅटरी भरलेली निघाली. भरलेली बॅटरी, दिवा लागतो, पंखा फिरतो, आणि फ्रिज सुरू होताना मात्र अंधार. मग चोर आहे तरी कुठे?

तिसरा प्रश्न: ओझं टाकलं की काय होतं?

काका म्हणाले, 'बसल्या बैलाचा जोर समजते का? गाडी जुंपूनच बघा लागते.'

किती खरं आहे! काही काम नसताना बॅटरी दाखवते ते व्होल्ट म्हणजे बसलेला बैल. खरी परीक्षा काम करताना होते. म्हणून त्यांनी फ्रिजचा प्लग काढला आणि 500 वॅटचा मिक्सर चालू करायला सांगितला. मिक्सर घरघरू लागला. काकांनी पटापट दोन ठिकाणी मोजलं. ताईने लिहून घेतलं.

बॅटरीच्या खांबांवर: 12.1 व्होल्ट.

इन्व्हर्टरच्या तोंडाशी: 10.7 व्होल्ट.

दोन्ही जागा एकाच जाड तारेची दोन टोकं. अंतर जेमतेम एक मीटर. आणि वाटेत 1.4 व्होल्ट गायब!

इथे वही बंद करा आणि विचार करा. या दोन आकड्यांवरून तीन निष्कर्ष निघू शकतात.

1. दोन्हीकडे व्होल्ट खूप खाली गेले, तर बॅटरी कमजोर किंवा रिकामी.

2. बॅटरीवर व्होल्ट ठीक आणि इन्व्हर्टरपाशी कमी, तर दोष मधल्या वाटेत. तार, फ्यूज किंवा जोड.

3. दोन्हीकडे व्होल्ट ठीक, तरी इन्व्हर्टर बंद होतो, तर ओझं जास्त आहे, इन्व्हर्टर तापलाय किंवा खरोखरच बिघडलाय.

या तीन ओळी पाठ करून ठेवा. बॅटरी-इन्व्हर्टरच्या निम्म्याहून जास्त भांडणांचा निवाडा त्या करतात. नवीन वस्तू विकत घेण्याआधी एवढं मोजलं तर पुष्कळ पैसे वाचतात.

आपला खटला दुसऱ्या ओळीतला. काकांनी आता मिक्सर चालू ठेवूनच मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्यावर घट्ट बसवलेल्या थिंबलवर टेकवली. थिंबल म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेली तांब्याची कडी. खांब आणि थिंबल एकमेकांना चिकटलेले, तेव्हा त्यांच्यामधे व्होल्ट जवळजवळ शून्य हवेत. मीटरने दाखवले 1.2!

चोर सापडला. मिक्सर लगेच बंद केला. थिंबलच्या खाली पांढरट-हिरवट भुकटी साठली होती आणि नट रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल झाला होता. हात न लावता जवळून अंदाज घेतला, तर तिथून धगही लागत होती.

ती धग कसली? मिक्सर चालताना तारेतून साधारण 47 अँपियर वाहत होते. 47 ला 1.4 ने गुणा. सुमारे 66 वॅट! रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची डाग द्यायची इस्त्री 25 वॅटची असते. म्हणजे तशा अडीच इस्त्र्या त्या वाटेवर तापत होत्या. इन्व्हर्टरच्या जोडापाशी आगी लागतात त्या अशाच.

आणि दिवा-पंखा का चालत होते? ओहमचा नियम शिकलेल्या दादा-ताईंनी उत्तर द्यावं. 1.4 भागिले 47, म्हणजे जोडाचा नि वाटेचा मिळून रोध फक्त 0.03 ओहम. पंख्याला दोन-तीन अँपियर पुरतात, तेव्हा 0.1 व्होल्टसुद्धा हरवत नाही. पण 100 वॅटचा फ्रिज सुरू होताना त्याची मोटर क्षणभर 600-700 वॅट मागते. 60 अँपियरला 0.03 ने गुणा. 1.8 व्होल्ट वाटेतच जातात. 12.1 मधून ते वजा केले की उरतात 10.3. आणि बॅटरी फार उतरू नये म्हणून इन्व्हर्टर साधारण 10.5 व्होल्टला स्वतःला बंद करून घेतो. बिचारा आपलं कर्तव्य करत होता. ओरडून ओरडून सांगत होता, आणि सगळे त्यालाच दोष देत होते!

चोराचा बंदोबस्त

काकांनी इन्व्हर्टर बंद केला, प्लग काढले, हातातली अंगठी काढून खिशात ठेवली. आधी बॅटरीचं ऋण टोक सोडवलं, मग धन. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून त्या पाण्याने भुकटी पुसली. सोडा आम्ल मारतो, म्हणून फसफस झाली. बॅटरीची झाकणं मात्र घट्ट बंद होती, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. मग खांब आणि थिंबल पॉलिश पेपरने चकचकीत घासले, कोरडे केले. धन टोक आधी, ऋण शेवटी, असे जोडून नट पान्याने आवळले आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात दिला.

पुन्हा मिक्सर, पुन्हा मीटर. बॅटरीवर 12.1, इन्व्हर्टरपाशी 11.9. फ्रिज सुरू झाला आणि गुणगुणायला लागला. नवा इन्व्हर्टर नको, नवी बॅटरी नको. आजीचं इन्शुलिन दुसऱ्या दिवशी निवांतपणे नवेगावबांधला निघालं.

बॅटरीच दोषी निघाली असती तर?

कधी कधी पहिली ओळ खरी ठरते. बॅटरीच लटपटते. तिची दुखणी मुख्यतः चार.

तहान. चार्ज होताना बॅटरीतलं पाणी कमी होतं. पट्ट्या उघड्या पडल्या की त्या कायमच्या वाळतात. पाणी घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातले क्षार बॅटरीला मारक असतात.

उपास. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे जमतात. मग ती भरल्यासारखी दिसते, पण देत काही नाही. सहलीहून आलात की बॅटरी आधी भरून ठेवा.

उष्मा. शिशाच्या बॅटरीला 25 अंशांची हवा मानवते. त्यावर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्म्यावर येतं असा ढोबळ नियम आहे. म्हणून ती उन्हात तापणाऱ्या बंद पेटीत कोंडू नये. इन्व्हर्टरचंही तेच. त्याच्या पंख्याची जाळी धुळीने भरली की तो तापून बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपणहून शहाणा होतो. असं होत असेल तर आधी जाळी झाडा.

जोडी. एक जुनी आणि एक नवी बॅटरी एकत्र जोडली की जुनी नवीला खाली ओढते. बदलायच्या तर दोन्ही बदला.

12 व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात. मिस्त्री हायड्रोमीटरने प्रत्येक घरातल्या आम्लाची घनता बघतात. पाच घरं सारखी आणि एकच फार मागे, असं दिसलं तर त्या बॅटरीने रजा घेतली असं समजावं.

मुलांनी काय करायचं नाही

हा भाग आईबाबांनीही वाचावा.

बॅटरीत गंधकाचं आम्ल असतं. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, डोळ्यात गेलं तर धुऊन तडक डॉक्टरांकडे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेटतो. म्हणून तिथे खिडकी उघडी हवी. काडी, उदबत्ती, मेणबत्ती अजिबात नको. पाना दोन्ही खांबांना एकदम टेकला तर तो लाल होईस्तोवर तापतो. आणि इन्व्हर्टरमधून निघणारे 230 व्होल्ट खांबावरच्या विजेइतकेच जीवघेणे असतात. 'लाइट गेलेत, म्हणजे आता शॉक लागत नाही' हा समज इन्व्हर्टर असलेल्या घरात साफ चुकीचा आहे.

तेव्हा बॅटरी आणि इन्व्हर्टर उघडणं, घासणं, जोडणं हे मोठ्यांचं आणि जाणकार मिस्त्रीचं काम. मुलांचं काम वही-पेनाचं. कधी बंद पडलं, तेव्हा काय काय चालू होतं, मीटरने काय दाखवलं, हे लिहिणारा तपासातला अर्धा मिस्त्रीच असतो.

करून बघा

हा प्रयोग मात्र तुम्ही बिनधास्त करा. एक नवा आणि एक वापरून दमलेला टॉर्चचा सेल घ्या. टॉर्चचा छोटा बल्ब, दोन तारांचे तुकडे आणि मोठ्यांकडून मागून आणलेला मीटर घ्या. मीटरचं चक्र डीसी व्होल्टवर लावा.

आधी नुसते सेल मोजा. नवा 1.5 च्या थोडा वर दाखवेल. दमलेला कदाचित 1.3 दाखवेल. वाटेल, फारसा फरक नाही! आता बल्ब जोडा आणि तो जोडलेला असतानाच पुन्हा मोजा. नव्याचे व्होल्ट थोडेसेच उतरतील. दमलेल्याचे बघा कसे कोसळतात. मग एका तारेचं टोक मुद्दाम सैल टेकवून धरा आणि बल्ब कसा मिणमिणतो ते पाहा. आसगावच्या अंगणातला सगळा तपास तुमच्या टेबलावर घडेल. फक्त सेलची दोन टोकं नुसत्या तारेने थेट जोडू नका, तार तापते.

आणि हो, साध्या सेलमध्ये जी काळी भुकटी असते तिच्यात मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड असतं. आपल्या भंडारा जिल्ह्यातच, तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजची उघडी खाण आहे. तिथलं खनिज सेल बनवणाऱ्या उद्योगाला जातं. तेव्हा तुमच्या हातातल्या टॉर्चमध्ये कदाचित तुमच्याच जिल्ह्याची माती उजेड पाडत असेल!

प्रयोगातले चारही आकडे वहीत लिहून ठेवा. दोन ओझ्याशिवायचे, दोन ओझ्यासकटचे. मग आईबाबांना विचारा, 'यातला कोणता सेल टाकून द्यायचा?' त्यांना आधी फक्त पहिले दोन आकडे दाखवा. बघू, ते काय सांगतात!